मंद जोडीदार

तारांगणाच्या तिकीटखिडकीत बसणाऱ्या माणसाला एकदाची संधी मिळाली होती. शोमध्ये ताऱ्यांची माहिती सांगणाऱ्या बुवांचा घसा कायमचा बसला. साहेब याला म्हणाले, तुझा आवाज बरा आहे, लाल बटू, म्हणजे त्या बुटक्या लाल ताऱ्याची माहिती घरून रेकॉर्ड करून आण, आवडली तर खिडकीतून सुटलास. फक्त धडा वाचल्यासारखं नको. तारा आपल्या जवळचाच आहे, तेव्हा शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोल.

इथेच घोळ झाला.

घरात शांत जागा एकच, बेडरूममधलं कपड्यांचं कपाट. संध्याकाळी हा बायकोच्या कपड्यांत डोकं खुपसून, हातात फोन धरून जीव तोडून सांगायला लागला. "आपला हा शेजारी बुटका आहे. लालबुंद. एरवी गप्प असतो, मध्येच भडकतो. त्याची एक जोडीदार आहे, पण इतकी मंद, की वर्षानुवर्षं कुणाला दिसलीच नाही. मग लक्षात आलं, हा एका बाजूला झुकत चालतो. म्हणजे याला कुणीतरी ओढतंय."

कपाटामागच्या भिंतीवर टकटक झाली.

"अहो," बायको दारातून हळूच म्हणाली, "पलीकडे कोण राहतं, आठवतंय का?"

त्याला आठवलं. पलीकडे नुकतेच राहायला आलेले काका बुटके होते, लालबुंद होते, लिफ्टचं दार कुणी उघडं टाकलं की तीन मजले हादरवायचे. आणि चालायचे ते डावीकडे झुकून. राहायचे मात्र एकटेच.

बायकोने त्याला माफी मागायला पिटाळलं. बेलला हात लावायच्या आत दार उघडलं. तो ताऱ्याचं सगळं एका दमात सांगून मोकळा झाला. काकांनी त्याला आत घेतलं. टेबलावर चहाचे दोन कप होते. एकावर साय धरली होती.

"तुला दिसते ती?" काकांनी विचारलं.

"कोण, काका?"

"मी सगळ्यांना सांगून थकलो. मुलगा म्हणतो, बाबा, डॉक्टरकडे चला. ती माझी बाही धरूनच चालते रे, लग्नापासूनची खोड आहे. तू बरोबर ओळखलंस." काकांनी रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण मंद म्हणायला नको होतंस. लागलंय तिला."

काय करणार. तो खुर्चीकडे वळून म्हणाला, "सॉरी काकू."

निघताना त्याची बाही कशाला तरी अडकली. दाराच्या कडीला असेल, असं त्याने ठरवून टाकलं. कडी उजवीकडे होती, बाही डावी, पण तो खोलात गेला नाही. घरी येऊन त्याने परत रेकॉर्डिंग केलं, या खेपेला 'मंद' गाळून. भिंत शांत होती. कपाटात मात्र भलताच गारठा होता, आणि कपडे उगाच हलत होते.

सकाळी साहेबांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "तुझा आवाज फार मंद आलाय रे. जवळजवळ नाहीच. पण या बाई कोण? काय गोड सांगतात. तो बुटका तारा जणू यांच्या घरचाच."

त्याने फोन कानाला लावून पाहिला.

"हेच लावू या," साहेब म्हणाले. "तू बस आपला खिडकीत."

रविवारी खिडकीसमोर काका उभे राहिले. नवा शर्ट, केस चापून बसवलेले, चालत आले ते अगदी सरळ. त्यांनी एक तिकीट मागितलं.

त्याने इकडेतिकडे पाहिलं, आणि कुणी ऐकत नाही असं बघून विचारलं, "काकूंचं नको का?"

"तिला कशाला तिकीट?" काका म्हणाले. "ती इथे कामाला आहे ना."