लाल, उघडी आणि मधल्या वजनाची

मोटरसायकल पारखायला माणसाला दहा मिनिटं पुरतात, असं जेर्मानो तास्सिनारीचं ठाम मत होतं. त्यातला निम्मा वेळ इंजिनाला द्यायचा आणि निम्मा, दुकानांच्या काचांमध्ये आपण तिच्यावर कसे दिसतो ते बघायला!

फाएन्झा शहरात त्याचं बाथरूमच्या टाइल्सचं दुकान होतं. वय चौपन्न, पोट त्याहून थोडं पुढे. गेली वीस वर्षं तो गोदामात टाइल्सच्या खोक्यांआड बसून मोटरसायकलींची मासिकं वाचत होता. वाचून वाचून त्याचा अधिकार एवढा वाढला होता, की रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा नुसता आवाज ऐकून तो ‘साखळी सैल आहे’ असं सांगायचा. चालवायचं मात्र नाव नाही! कारण साखरपुड्याच्या दिवशी तो मोटरसायकलसकट भावी सासऱ्यांच्या पीचच्या पेट्यांमध्ये शिरला होता, आणि योलांदाने तिथल्या तिथे, पीचचा रस पुसत पुसत विचारलं होतं, “ही की मी?”

त्याने योलांदा निवडली. पण मन कुठे ऐकतंय! त्या शनिवारी सकाळी बायको अंघोळीला गेली आहे असं पाहून त्याने हळूच आपल्या शाळासोबत्याला फोन लावला. क्विंतोचं गावाबाहेर मोटरसायकलींचं दुकान होतं, आणि त्याच्याकडे एक ‘नेकेड’ आली होती. नेकेड म्हणजे अंगावर कवच-बिवच नाही, वारा अडवायला काच नाही, इंजिन, नळ्या, सगळा ऐवज उघड्यावर!

“लालच ना?” जेर्मानो कुजबुजला. “वा! आणि झाकपाक काही नको बाबा मला, सगळं कसं डोळ्यांना दिसलं पाहिजे. मधल्या वजनाची आहे ना पण? फार भरभक्कम आता झेपत नाही रे मला, आणि फार हडकुळी घेऊन करायचं काय! ... छे, छे, योलांदाला पत्ता नाही. आज जरा फिरवून आणतो, मग ठरवू कायमचं.”

फोन ठेवला तर नळाचा आवाज बंद झालेला. योलांदा बाहेर आली ती डोळे लाल करून.

“साबण गेला का डोळ्यात?” जेर्मानोने प्रेमाने विचारलं.

“मी नीवेसकडे चाललेय,” ती म्हणाली. नीवेस म्हणजे तिची बहीण, डोंगरातल्या कासाल्बूरा गावची. “तिथे आज जत्रा आहे. रात्री परत येईन. किंवा येणारही नाही!” आणि दार असं आपटलं की भिंतीवरची लग्नाची तसबीर तिरकी झाली.

‘वा, दिवसभर मोकळीक!’ जेर्मानो मनात म्हणाला. काही काही नवऱ्यांना देव कान देतो, पण त्यांची मेंदूला जोडणी करायचं विसरतो.

क्विंतोच्या दुकानात ती उभी होती. लाल! टाकी अशी की हात फिरवावासा वाटावा, आणि मागचं सीट पावाच्या तुकड्याएवढं. जेर्मानोने तिला दोनदा प्रदक्षिणा घातली, टायर दाबला, ‘हं’ म्हणाला.

“हे घाल,” म्हणत क्विंतोने एक भडक नारिंगी बिनबाह्यांचं जाकीट पुढे केलं.

“हे कशाला? रस्ते झाडायला चाललोय का मी?”

“पहिल्या वळणापर्यंत तू मला दिसला पाहिजेस! मागच्या वेळी एकाला दिली ती गाडी अजून सापडलेली नाही. अर्ध्या तासात परत ये, चारला दुसरं गिऱ्हाईक आहे. आणि हे बघ, हिला पंचाण्णव घोड्यांची ताकद आहे. तुझी आहे का?”

“मला शिकवतोस?” असं म्हणून जेर्मानोने हेल्मेट चढवलं, काच खाली ओढली आणि गाडी सुरू केली. ती पहिल्या झटक्यात बंद पडली. दुसऱ्याही! तिसऱ्यांदा मात्र जी निघाली ती मस्तच निघाली.

“क्लच, लोणी!” तो हेल्मेटमध्ये मोठ्याने म्हणाला. मासिकातले परीक्षक असंच बोलत असणार अशी त्याची खात्री होती. “हँडल रुंद, बैठक ताठ. वाऱ्यापासून बचाव...” एवढ्यात काच थोडी वर करण्याचा मोह झाला आणि एक भुंगा तोंडात गेला. “थू! बचाव शून्य!”

पण काय सांगावं त्या आनंदाचं! द्राक्षांचे मळे दोन्ही बाजूंनी पळत होते, इंजिन पोटाखाली गुणगुणत होतं, आणि जेर्मानो पुन्हा पंचविशीचा झाला होता. पोटासकट.

डोंगराच्या पायथ्याशी चौकात रस्त्यावर आडवी फीत बांधलेली होती. फितीमागे साठेक सायकलवाले, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि सगळ्यांनी असे घट्ट, चकचकीत कपडे घातलेले की चांदीच्या कागदात बांधलेल्या सॉसेजांचं दुकानच वाटावं! जेर्मानो वेग कमी करून बाजूने निसटायला बघतो तोच एका वाहतूक पोलीसबाईने शिट्टी फुंकली.

“अहो, नारिंगी जाकीट! इकडे! किती वाट बघायची तुमची?”

“माझी?”

“नाहीतर काय, पोपची? ही माणसं केव्हाची उन्हात उभी आहेत! त्यातल्या निम्म्यांना जाऊन यायचंय! चला, पुढे व्हा.”

“बाई, काहीतरी घोटाळा होतोय. मी नुसती चाचणी...”

“काय?” हेल्मेटमधून तिला काहीच ऐकू आलं नाही. “हो हो, वेग तुम्हीच ठरवा!” आणि तिने फीत सोडून झेंडा खाली आणला.

आता शर्यतीपुढे रस्ता मोकळा करत जाणारा खरा मोटरसायकलवाला, तोही नारिंगी जाकीटवाला, घरी आपल्या गाडीला लाथा मारत होता, कारण ती सुरूच होत नव्हती. पण हे जेर्मानोला कोण सांगणार? त्याला फक्त एवढंच दिसलं, की साठ सायकली आपल्या अंगावर येताहेत. थांबलो तर सगळे मागच्या दिव्यावर आदळतील! तो निघाला.

सुरुवातीलाच चढ. गाडी पहिल्या गियरमध्ये कण्हत होती. “कमी वेगात इंजिन जरा कुरकुरतं,” त्याने हेल्मेटमध्ये नोंदवलं. मग गाडीचा पंखा सुरू झाला आणि इंजिनाची सगळी गरम हवा त्याच्या गुडघ्यांवर आली. “हिवाळ्यात सुखद,” तो म्हणाला. पण महिना जूनचा होता.

“ए नारिंगी!” मागून आरोळी आली. सगळ्यांत पुढे एदगार्दो होता, सत्तरीला टेकलेला खाटीक, पोटऱ्या बैलासारख्या. “वरात आहे का ही? हल की जरा!”

जेर्मानोला युक्ती सुचली. जोरात पुढे निघून जायचं, नजरेआड व्हायचं आणि पहिल्या फाट्याला सटकायचं! त्याने दुसरा गियर टाकला, मूठ पिळली. गाडी उसळली.

“पळतोय!” एदगार्दो गरजला. “आम्हाला म्हातारे समजतोय हा! हाणा रे!”

आणि त्या सगळ्या आजोबांना असा काही चेव आला म्हणता! जेर्मानो पुढे गेला की ते सीटवरून उठून पॅडल मारायचे, त्याने वळणावर वेग कमी केला की हे त्याच्या मानेवर! कुणाची टोपी उडाली, कुणाची कवळी खिशात गेली, पण एकही मागे हटेना. आरशात बघावं तर घामेजलेले साठ लालबुंद चेहरे आपल्यालाच खाऊ का गिळू बघताहेत! “आरसे उत्तम,” जेर्मानो रडवेल्या आवाजात म्हणाला. “नको तेवढे उत्तम.”

घाटमाथ्यावर फाटा आला. शर्यतीचा बाण उजवीकडे होता. जेर्मानोच्या जिवात जीव आला. आपण डावीकडे वळायचं, सायकलवाले बाण बघून उजवीकडे जातील, की झालं! तो डावीकडे वळला.

साठही जण डावीकडे वळले! पुढच्याच्या मागचं चाक सोडून बाण कोण बघतो?

“अहो, उजवीकडे! उजवीकडे जा!” जेर्मानो एक हात सोडून ओरडला. एदगार्दोला वाटलं, हा आपल्याला उजव्या बाजूने पुढे जायचं आव्हान देतोय. त्याने दात खाल्ले.

आणि आता उतार लागला. चढावर सायकलवाला माणूस असतो, उतारावर त्याचा तोफगोळा होतो! खडी उधळत, वळणांवर गुडघे बाहेर काढत ते सगळे सुटले, आणि त्यांच्या पुढे पंचाण्णव घोडे घेऊन जेर्मानो जीव खाऊन पळत होता. “बाजूला हो, म्हाताऱ्या!” सत्तरीचा एदगार्दो त्याच्या कानाशी घंटी वाजवत किंचाळला.

“ब्रेक...” जेर्मानो पुटपुटला. “ब्रेक चांगले असावेत. वापरायची सोय नाही.”

समोर एक घंटाघर दिसलं, पताका दिसल्या, पियादिना, म्हणजे तिकडच्या पोळ्या, भाजल्याचा खमंग वास आला, आणि त्याने गाव ओळखलं. हा रस्ता कासाल्बूराला जातो! नीवेसच्या गावाला! योलांदा असलेल्या गावाला!

चौकात सगळं गाव लांब टेबलांवर जेवायला बसलं होतं. फादर तूल्लियो मायक्रोफोन घेऊन सोडत काढत होते. “आणि यंदाचं अख्खं हॅम मिळतंय...” एवढ्यात डरकाळी फोडत लाल मोटरसायकल आत घुसली आणि तिच्या मागे चांदीच्या सॉसेजांची लाट! कोंबड्या उडाल्या, वाइनचे चंबू आडवे झाले, एक सायकलवाला थेट बँडच्या ढोलात थांबला. जेर्मानोने अखेर ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली. ब्रेक खरंच चांगले होते.

“बंधुभगिनींनो!” फादर सावरले. “एवढी मोठी शर्यत आपल्या गावात येतेय हे मला कुणी सांगितलं नाही, पण टाळ्या!”

एदगार्दो हात वर करून पहिला आला होता. “जिंकलो!” तो ओक्साबोक्शी रडत होता. “तीस वर्षांत पहिल्यांदा जिंकलो!” त्याने जेर्मानोला मिठीत असं आवळलं की वरती हेल्मेटची काच धुरकटली. तिकडे डोंगराच्या पलीकडे खऱ्या अंतिम रेषेवर महापौर करंडक घेऊन रिकाम्या रस्त्याकडे बघत उभे होते, ते या क्षणी कुणाच्याच ध्यानात नव्हतं.

जेर्मानोने हेल्मेट काही काढलं नाही. पुसट काचेतून त्याला पहिल्याच टेबलावर योलांदा दिसली. नाक लाल, पुढ्यात न खाल्लेली पियादिना, आणि नीवेस तिच्या पाठीवरून हात फिरवतेय. आता हळूच गाडी वळवावी आणि...

“नीवेस,” योलांदा उठून उभी राहिली, “ती पॅन्ट मी शिवलेली आहे.”

“कुठली गं?”

“त्या नारिंगीची. मागची शिवण बघ. मीच हिरव्या दोऱ्याने घातलेली.” ती तरातरा चालत आली आणि तिने गाडीवर थाप मारली. “काढ ते डोक्यावरचं!”

जेर्मानोने काढलं. भुंग्याचा एक पाय अजून त्याच्या मिशीत होता.

“कुठाय ती?” योलांदाचा आवाज चढला. पियादिना भाजणाऱ्या बायकांनी हात थांबवले.

“कोण ती?”

“सगळं ऐकलंय मी सकाळी! लाल केसांची! उघडी! मधल्या वजनाची! ‘फार भरभक्कम आता झेपत नाही’ काय? पंचवीस वर्षं झेपले ना मी? फिरवून आणणार होतास ना? आण पुढे, बघू दे सगळ्या गावाला!”

फादर तूल्लियोंनी मायक्रोफोन बंद करायचं ठरवलं, पण चुकून आवाज वाढवला.

जेर्मानो आधी पांढरा पडला, मग लाल झाला, आणि मग त्याने बोटाने खाली दाखवलं. “ही. हीच ती. नेकेड आहे, योलांदा. म्हणजे... गाडीला तसं म्हणतात.”

योलांदाने टाकीकडे पाहिलं. नळ्यांकडे पाहिलं. कडकडणाऱ्या गरम इंजिनाकडे पाहिलं. नीवेसला आधी हसू फुटलं, तिच्यामागे अख्ख्या चौकाला. योलांदा मात्र मटकन बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून हमसू लागली.

“रडू नकोस गं!” जेर्मानो घाबरून गाडीवरून उतरला. “मी आत्ताच्या आत्ता परत करतो. शपथ! पुन्हा बघणारसुद्धा नाही तिच्याकडे.”

“मला वाटलं,” ती हातांच्या आडून म्हणाली, “तू चाललास.”

तो म्हणाला, “मी? मला इथून घाटाखालीसुद्धा एकट्याला धड जाता येत नाही. मागे साठ माणसं लागतात.”

ती हसली. रडता रडता हसली, आणि रुमाल मिळेना म्हणून त्याच्या नारिंगी जाकिटाला नाक पुसलं. त्या भरात, आयुष्यात पहिल्यांदा आणि बहुधा शेवटचं, ती म्हणाली, “घे जा ती. मोटरसायकल तर मोटरसायकल!”

जेर्मानोने टाळी वाजवायला हात वर केले, आणि तेवढ्यात एदगार्दो मध्ये तडमडला. “वहिनी, या माणसाला सोडू नका! याच्याएवढं जिवावर उदार होऊन पुढे पळणारा आम्हाला आजवर मिळाला नव्हता. दर रविवारी पाठवा याला आमच्यापुढे!”

योलांदाने डोळे पुसले. तिचा तो विचारी चेहरा बघून जेर्मानोच्या हातांची टाळी हवेतच राहिली.

“किती वेगाने चालता हो तुम्ही?” तिने एदगार्दोला विचारलं.

“चढावर? बारा-पंधराने. मला जेवण जास्त झालं असेल तर दहाने.”

“आणि उतारावर?”

“आज जरा चुकलंच. यापुढे उतारावर हळू, नाहीतर बायका घरात घेणार नाहीत.”

“मग ठरलं,” योलांदा म्हणाली. “गाडी घे, जेर्मानो. पण चालवायची ती फक्त यांच्यापुढे.”

चारचं गिऱ्हाईक क्विंतोच्या दुकानातून शिव्या देत परत गेलं, आणि गाडी जेर्मानोची झाली. आता दर रविवारी तो नारिंगी जाकीट घालून निघतो. मागच्या पावाच्या तुकड्याएवढ्या सीटवर उशी बांधून योलांदा झेंडा घेऊन बसते, आणि वेग बाराच्या वर गेला की त्याच झेंड्याची काठी त्याच्या हेल्मेटवर वाजते. मागून एदगार्दो ओरडत असतो, “सावकाश रे, गुडघा दुखतोय!”

परवा दुकानात टाइल्स घ्यायला आलेल्या एकाने मोठ्या उत्सुकतेने विचारलं, “मलाही तीच गाडी घ्यायचीय. कशी आहे हो चालवायला?”

जेर्मानो छाती फुगवून काउंटरवर रेलला. “पहिला गियर म्हणजे तर काय विचारता! दुसराही झकास आहे. तिसरा एकदाच टाकला, जिवाच्या भीतीने, त्यामुळे नीट आठवत नाही.”

“आणि पुढचे?”

जेर्मानोने एक टाइल उचलली, बाहीने पुसली आणि तिच्यात पाहत म्हणाला, “आहेत म्हणे.”