हमीदभाऊंची हजेरी

"बेटी, तू अजून आली नाई," हमीदभाऊ मला म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या टेबलासमोर उभी होते. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात डबा.

संगणक सहायक म्हणून नोकरीचा पहिलाच आठवडा होता. ते दुसऱ्या कुणाला म्हणत असतील असं वाटून मी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं. मग त्यांनी संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"हे पाहा. चार जण हाय. त्यात तुझं नाव कुठी हाय? जाय, लॉगिन कर. मंग तू आली."

मी जाऊन लॉगिन केलं. खोलीच्या त्या टोकाकडून त्यांचा आवाज आला, "हां, आता आली! या, या. डबा कोनता आनला?"

गडचिरोलीतल्या आमच्या ऑफिसात गावोगावच्या तलावांची, विहिरींची आणि हातपंपांची माहिती संगणकात भरली जायची. नव्वदचं दशक सरत आलं होतं. आतल्या खोलीत मुख्य संगणक, एक युनिक्सचं मशीन, होतं आणि त्याला बाहेरच्या हॉलमधले सगळे टर्मिनल जोडलेले होते. हिरवी अक्षरं, काळा पडदा. या मशीनचे राखणदार म्हणजे हमीदभाऊ. हुद्दा काहीतरी लांबलचक होता, पण तो त्यांनाही पूर्ण सांगता येत नसे.

आत्ता मशीनवर कोण कोण बसलंय हे दाखवणारी एक आज्ञा असते, 'हू' नावाची. हमीदभाऊ ती दिवसभर द्यायचे आणि येईल ते उत्तर मोठ्यानं वाचायचे. पडद्यावर उमटलेला कोणताही शब्द ते मनात वाचूच शकत नसत. "पडद्यावर नाई तर दुनियेत नाई," हे त्यांचं ब्रीद. यात सगळ्यात पंचाईत व्हायची ती आमच्या साहेबांची. साहेबांनी जन्मात कधी लॉगिन केलं नव्हतं. एखादा पाहुणा येऊन "साहेब आहेत का?" विचारायचा. हमीदभाऊ पडदा बघायचे आणि शांतपणे सांगायचे, "नाई." नेमके तेव्हाच साहेब केबिनमध्ये खोकायचे. पाहुणा केबिनच्या दाराकडे बघायचा. हमीदभाऊ पडद्याकडेच बघत राहायचे.

वीज गेली की ते उठून उभे राहायचे आणि जाहीर करायचे, "सगळे गेले." आवाज असा, की नवीन माणसाला घाम फुटावा.

टर्मिनलांना त्यांनी झबली शिवून घेतली होती. भावाचं शिलाईचं दुकान होतं, तिथल्या उरलेल्या कापडाची. माझ्या टर्मिनलला गुलाबी फुलांचं खिडकीच्या पडद्याचं कापड आलं होतं, साहेबांच्या वाट्याला पट्ट्यापट्ट्यांचं पायजम्याचं. मशीनच्या खोलीत चप्पल चालत नसे आणि चहा तर नाहीच. कुणी लॉगआउट न करता निघालं, तर ते फाटकापर्यंत मागं जायचे. "दार उघडं टाकून चालले काय? तुमच्या घरी असंच करता?" शेवटचं नाव पडद्यावरून गेलं की मगच ते निघायचे. रविवारीही मशीनचा पंखा बघायला म्हणून चक्कर मारायचे. मी एकदा धीर करून विचारलं, "घरी कोण असतं, हमीदभाऊ?"

"मी असतो ना," ते म्हणाले.

त्यांची सगळ्यात मोठी तोफ मडावीताईंवर चालायची. दुर्गाताई मडावी आमच्याकडे कंत्राटावर माहिती भरायच्या. मार्कंड्याच्या बाजूच्या एका गावाहून यायच्या. एकच बस, ती रोज उशिरा पोचायची आणि परतीची लवकर सुटायची. त्या धापा टाकत आत आल्या की सुरू.

"या बाईसाहेब! कचेरी उघडी ठेवली, मेहरबानी झाली ना आमची?"

"बस लेट होती, भाऊ."

"बस रोज लेट. तुमी एखांद्या रोजी बसच्या पयले निंगत जा."

"पैदल येऊ काय मंग?"

"या! तब्येत बनते!"

ताई पदरानं तोंड पुसत माझ्या शेजारी बसायच्या आणि पुटपुटायच्या, "बुढ्याले मीच भेटते." मग त्यांची बोटं चालायला लागायची. मी टायपिंगचा क्लास केलेला होता, तरी त्यांच्या बोटांकडे बघत बसायचे.

त्या वर्षी साहेब बदलले. नव्या साहेबांना वरून सांगण्यात आलं होतं, की कंत्राटी माणसांपैकी एकाला कमी करा. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं की असलं मशीन प्रत्येकाच्या येण्याजाण्याची वेळ लिहून ठेवतं. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मला सगळ्यांची मागच्या काही महिन्यांची यादी छापून द्या. कोण कधी आलं, कधी गेलं. जो सगळ्यात अनियमित, तो कमी. उगाच कुणावर अन्याय नको."

मी बाहेर आले. ताईंकडे बघवेना. त्यांना साहेबांचं बोलणं कुणीतरी सांगितलंच होतं. त्या म्हणाल्या, "झालं तर मंग. लेट तर मीच येते." आणि पुन्हा हातपंप भरू लागल्या.

दुपारी मी यादीची आज्ञा दिली. पडदा कोरा. पुन्हा दिली. कोरा. एकाही माणसाच्या येण्याची नोंद नाही, जाण्याची नाही. ऑफिसात जणू कधी कुणी आलंच नव्हतं.

मग मी इंग्रजी जाडजूड माहितीपुस्तक घेऊन बसले. माणसांशी बोलण्यापेक्षा ते मला सोपं होतं. कळलं ते असं: मशीन दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवतं. एका फाईलमध्ये आत्ता कोण बसलंय, ते. दुसरीत आजवर कोण आलं, कोण गेलं, ते. ही दुसरी फाईल जागेवर नसेल, तर मशीन ती स्वतःहून बनवत नाही. तक्रारही करत नाही. मुकाट्यानं काहीच लिहीत नाही. मला त्या मशीनबद्दल जरा आपुलकीच वाटली.

फाईल जागेवर नव्हती. मी तिच्या नावाची एक रिकामी फाईल बनवली. लगेच नोंदी पडायला लागल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर फाईल पुन्हा गायब.

मशीन स्वतःची फाईल खात नाही. कुणीतरी ती काढत होतं, आणि तेवढा अधिकार असलेला पासवर्ड दोघांकडेच होता. एक मी. दुसरे, जे दिवसभर हजेरी घ्यायचे ते.

समोर जाऊन विचारणं माझ्यानं होणार नव्हतं. पण एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर एखादी ओळ पाठवता येते. मी इंग्रजी अक्षरांत मराठी टाईप केलं: "हमीदभाऊ, ती फाईल तुम्हीच काढता का?" एन्टर दाबलं, आणि त्याच क्षणी लक्षात आलं की ते आता हे मोठ्यानं वाचणार. साहेबांच्या केबिनचं दार सताड उघडं होतं.

"हमीदभाऊ, ती फाईल..." त्यांनी सुरुवात केली. आणि थांबले. उरलेली ओळ त्यांनी मनात वाचली. सगळ्यांनी माना वर केल्या. असं कधी झालंच नव्हतं.

"चाल बेटी," ते उठले, "चहा पिऊ."

फाटकाबाहेरच्या टपरीवर त्यांनी दोन चहा सांगितले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "हो. मीच काढतो. सायबानं यादी मांगाची बात काढली ना, त्याच दिवसापासून. मागचंबी पुसलं, पुढचंबी पुसून राह्यलो."

"का पण?"

"काऊन म्हंजे? कागदावर काय येईन? मडावीबाई लेट आली, मडावीबाई लवकर गेली. एकच बस हाय, हे कागदावर येते का? ते बाई काम सोडून जेवाले उठत नाई, हे येते का?"

"पण तुम्ही तर त्यांना रोज रागावता."

"मंग! लेट आली तं रागावू नाई?" ते खरंच दुखावले. "मी रागावतो अन् दुपारपर्यंत इसरून जातो. मशीन इसरत नाई ना, बेटी."

चहा संपल्यावर त्यांनी ग्लास हळूच ठेवला. "तुले सायबाले सांगाचं असन तं सांग. तुझी नोकरी नवीन हाय. मी राग नाई धरनार."

मी थेट ऑफिसात परतले. साहेबांकडे गेले. सांगितलं, "सर, यादी मिळणार नाही. ती फाईल जागेवर नव्हती, म्हणून नोंदी नाहीत."

"मग मी ठरवू कशावरून?" साहेब वैतागले. आजच नाव पाठवायचं होतं.

मग मला माझा आवाज ऐकू आला. "काम बघून, सर?"

"काम कुठे दिसतं?"

"प्रत्येक गावाच्या माहितीखाली भरणाऱ्याचं नाव पडतं."

साहेब माझ्याकडे बघत राहिले. दारातून हमीदभाऊ म्हणाले, "छापून आनू काय, साहेब?"

प्रिंटर दुपारभर करकरत होता. एटापल्ली, धानोरा, सिरोंचा. कागदाची घडी जमिनीवर उलगडत गेली आणि पानापानाखाली मडावी, मडावी, मडावी. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. कमी करायचं नाव त्या यादीतूनच निघालं. ते जेमतेम दोन पानांखाली होतं: एका कंत्राटी गृहस्थांचं, जे रोज वेळेवर येऊन दिवसभर वर्तमानपत्र वाचायचे. ती फाईल मी पुन्हा बनवली नाही. साहेबांनीही पुन्हा विचारलं नाही.

कंत्राट वाढल्याचं कळलं त्या आठवड्यात ताई पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या. उशिराच आल्या. सगळ्यांच्या टेबलावर एकेक पेढा ठेवला, साहेबांना दोन दिले. हमीदभाऊंच्या टेबलापाशी आल्या आणि पुडा बंद करून पुढं गेल्या.

"कीबोर्डात साखर सांडन!" ते ओरडले. "हे काय पेढे वाटाची टाईम हाय?"

"तुमाले कोन देऊन राह्यलं?" ताई तिकडून म्हणाल्या. मग माझ्याजवळ बसून हळू आवाजात, "मले काढाले यानंच सायबाचे कान भरले असतीन. तरी वाचली मी."

मी तोंड उघडलं. ताईंच्या पाठीमागून हमीदभाऊंनी मान हलवली. नाही. मी पेढा तोंडात टाकला.

परतीच्या बससाठी ताई निघून गेल्यावर ते खुर्ची सरकवत माझ्या टेबलाजवळ आले. हॉलभर ऐकू जाणारा तो माणूस अगदी खालच्या आवाजात बोलला.

"चांगले होते काय पेढे?"

"हो."

"ताजे होते?"

"ताजेच होते, हमीदभाऊ."

"मंग ठीक हाय," ते म्हणाले. खुर्ची तशीच सरकवत जागेवर गेले आणि फडक्यानं त्यांचा स्वच्छच असलेला पडदा पुन्हा पुसू लागले.