जुन्या पेपरांच्या खोलीतला उंदीर

चंद्रपूरच्या संस्थेत नवे सचिव आले आणि आपल्या ग्रंथालयांतले कर्मचारी सुखी आहेत की नाहीत, हे विचारायचं त्यांनी ठरवलं. आजवर ते कुणी विचारलं नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. पण सचिव कुठलंसं शिबिर करून आले होते, त्याला काय करणार. दोन हजार चारच्या हिवाळ्यात सावली गावच्या शाखेत ‘कार्यालयीन वातावरण पाहणी’ असं छापलेले कागद येऊन पडले. वर ‘गोपनीय’ असा लाल शिक्का होता.

एरवी दामिनी मॅडमनी असले कागद फाइलीत ढकलून दिले असते. त्या तिथल्या ग्रंथपाल. पण या कागदांतला एक प्रश्न त्यांना त्यांच्या स्वतःच्या मनातला वाटला : ‘वरिष्ठांबद्दल तुम्हाला काय वाटते?’ त्यांच्या टेबलाच्या खणात चिमूरला बदली मागणारा अर्ज सही करून पडला होता. चिमूर म्हणजे माहेर. अर्ज धाडायचा की नाही, एवढंच ठरत नव्हतं.

अडचण जेवणाची होती. दुपारी एक वाजला की शिपाई इस्तारीभाऊ, कारकून धनराज आणि झाडलोट करणारी चंदाबाई आपापले डबे उचलत आणि मागच्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, जाऊन बसत. ऊन असो, वारा असो, तिघं तिथंच. आपल्याकडे रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालासुद्धा लोक ‘या जेवायला’ म्हणतात. मॅडमना दोन वर्षांत ते कुणी म्हटलं नव्हतं. त्याचं त्यांना फार वाईट वाटे, आणि वाईट वाटलं की त्या जास्तच कडक बोलत.

मग त्या जुन्या पेपरांच्या खोलीत दार लोटून एकट्या जेवत. तिथं वर्तमानपत्रांच्या बांधीव बाडांमागे त्यांची एक बरणी लपवलेली होती. आईनं धाडलेले सुके झिंगे. घरमालक माळकरी, त्यामुळे बरणी खोलीवर ठेवायची सोय नव्हती. ‘ग्रंथालयात खाद्यपदार्थ आणू नयेत’ ही पाटी मॅडमनी स्वतः रंगवून घेतली असल्यामुळे ती इथंही उघड ठेवता येत नव्हती. भाकरीबरोबर चिमूटभर झिंगे खाऊन झाले की त्या एक उदबत्ती लावत आणि आता वास गेला असं समजत. झिंग्यांवर वाढलेल्या माणसाचं नाक या बाबतीत भरवशाचं नसतं.

पाहणीची तयारी त्यांनी जोरात केली. नाटक मंडळाची तिकिटांची पेटी मागून आणली, तिला कुलूप घातलं आणि तिघांना समोर उभं करून सांगितलं, की मोकळेपणानं लिहा, नाव घालू नका. इथवर ठीक होतं. पण पुढे त्या म्हणाल्या, “मी तुम्हा सगळ्यांचं अक्षर ओळखते. तेव्हा अक्षर बदलून लिहा.”

झालं. तिघंही गारठले. चंदाबाईला लिहिता येत नव्हतं, इस्तारीभाऊंचं अक्षर बदलण्याइतकं पक्कं नव्हतं आणि धनराजनं तर ग्रंथालयातलं प्रत्येक कार्ड स्वतः लिहिलेलं. तिघांनीही, एकमेकांना पत्ता लागू न देता, एकच वाट धरली. तहसीलसमोर सोमाजी अर्जनवीस बसत. अख्ख्या तालुक्याची गाऱ्हाणी त्यांच्याच हातून कागदावर उतरत.

पेटी उघडली तेव्हा मॅडमच्या हाती एकाच वळणदार अक्षरातले तीन कागद आले. तिन्हींची सुरुवात सारखी : ‘अर्जदार सदर ग्रंथालयात इमानेइतबारे सेवा करीत असून’. वरिष्ठांबद्दल काय वाटते, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, ‘अर्जदाराची काहीएक हरकत नाही.’ मॅडमनी ते वाक्य पुनःपुन्हा वाचलं. त्यातून माया निघते की राग, काही उमगेना. त्यांनी बदलीचा अर्ज खणातून काढून टेबलावर ठेवला.

त्या नादात कागदांचा खालचा भाग वाचायचा राहून गेला. जागेविषयीची तक्रार तिघांचीही एकच होती : जुन्या पेपरांच्या खोलीत उंदीर मरून पडला असून चौकशी व्हावी. सोमाजींचा हात तर सवयीचा. त्यांनी खाली ‘प्रत माहितीस्तव व योग्य त्या कार्यवाहीस्तव : सरपंच’ असं लिहिलं आणि प्रत खरोखरच पोचवली. एकाच उंदराबद्दल तीन-तीन अर्ज आल्यावर सरपंचांना ते प्रकरण साथीचं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पंचायतीचा मंगरू फिनाइलची बादली आणि बांबू घेऊन हजर झाला. मागोमाग पेपर वाचायला आलेली मंडळीही पेपर टाकून आली. मॅडम खोलीच्या दारात आडव्या उभ्या राहिल्या.

“इथं उंदीर वगैरे काही नाही,” त्या म्हणाल्या.

“हाय जी मॅडम,” इस्तारीभाऊ अजिजीनं म्हणाले. “लय दिवसापासून वास येऊन राह्यला. मी चारदा शोधला, भेटतच नाई.”

मॅडम जितक्या अडवत, तितका लोकांना उंदीर मोठा वाटू लागला. शेवटी त्यांना बाजूला व्हावंच लागलं. मंगरूनं एकेक बाड उतरवलं आणि पाठीमागून बरणी निघाली. त्यानं झाकण उघडून लांबूनच वास घेतला. चंदाबाईला तेवढीही गरज पडली नाही.

“झिंगे हायत,” ती म्हणाली. “आन् चांगले हायत.”

मॅडमनी पाहिलं, तर सगळे आधी बरणीकडे आणि मग भिंतीवरच्या पाटीकडे बघत होते. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. इस्तारीभाऊंनी मंगरूला आणि मंडळींना खुणेनं बाहेर काढलं, दार लोटलं आणि विचारलं, “म्हंजे तुमाले मासोळी चालते?”

“चालते म्हणजे काय. लहानपणापासून खाते.”

“मंग तुमी रोज उदबत्ती काऊन लावता?” धनराजनं विचारलं. “आमाले वाटलं, आमच्या डब्यातल्या मासोळीचा वास तुमाले सहन नाई होत. म्हनून आमी पाळीवर जातो. आन् मासोळी खाताना तुमाले ‘या जेवाले’ तरी कसं म्हनाव?”

दोन वर्षं मॅडम इथं पुस्तकी मराठी बोलत आल्या होत्या. ती त्या क्षणी कुठं गेली कोण जाणे.

“मले वाटलं, मीच तुमाले नको होती,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

चंदाबाईनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. “या जी जेवाले,” ती म्हणाली. खरं तर जेवायला अजून पुष्कळ अवकाश होता.

एक वाजता चौघं पाळीवर बसली. चंदाबाईच्या डब्यात मासोळीचा रस्सा होता, मधोमध झिंग्यांची बरणी उघडी होती. काटे कशावर ठेवायचे, हा प्रश्न निघाला. आत कागदांनी भरलेली कपाटं होती. पण त्यातला चिटोराही फाडायचा नाही, हा मॅडमचाच नियम. मॅडम उठल्या, आत जाऊन टेबलावरचा कागद घेऊन आल्या आणि त्यांनी तो मधोमध पसरला.

कारकुनाला समोरचा कागद वाचल्याशिवाय राहवत नाही. धनराजचा घास हातातच राहिला. “मॅडम, ह्याच्यावर तर तुमची सही हाय.”

“हाय,” मॅडम म्हणाल्या. “काटे ठेवा.”

धनराज संकोचला, इस्तारीभाऊ संकोचले. चंदाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पहिला काटा बरोबर सहीवर ठेवला.