१८७७ नंतरची अमेरिका आणि पिवळी बस

१९९१ साली, वयाच्या चोपन्नाव्या वर्षी, वेंडेल पोकोर्नी कॉलेजात नापास व्हायच्या बेतात होता. तेही एकाच विषयात. १८७७ नंतरचा अमेरिकेचा इतिहास! नेब्रास्कातल्या एल्क बेंड गावात सव्वीस वर्षं शाळेची बस चालवून त्याला प्रत्येक रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा पाठ झाला होता, पण कोणत्या युद्धानंतर कोणती मंदी आली हे काही केल्या डोक्यात राहत नव्हतं. पदवीसाठी एवढा एकच विषय उरला होता.

शेवटी इतिहास शिकवणाऱ्या टिबेट्सबाईंनीच वाट काढली.

"पोकोर्नी, लेखी परीक्षेत तुमचा काही भरवसा नाही. इतिहास ज्याने डोळ्यांनी पाहिलाय असं एक माणूस गुरुवारी वर्गात आणा. त्याला नीट बोलतं केलंत, तर पास करते."

"अरे, मग माझी हेस्टरमावशी आहे की!" बायको जोलीन म्हणाली. "चौऱ्याण्णव वर्षांची आहे. वृद्धाश्रमात नुसती बसून असते बिचारी. पण जपून ने हं. तिला काही झालं तर घरी येऊ नकोस."

गुरुवारी नेमकी वेंडेलची गाडी सुरू होईना. अंगणात शाळेची पिवळी बस उभी होती. मुलांशिवाय ती कुठेही न्यायची नाही असा कडक नियम होता. पण शाळा सुटायची तीन वाजून दहा मिनिटांनी, आणि वर्ग होता साडेबाराला. वेंडेलने आजूबाजूला पाहिलं आणि किल्ली फिरवली.

आश्रमात मावशीला बाहेर नेण्यासाठी तीन कागदांवर सह्या करायच्या होत्या. त्या करून, मावशीचा हात धरून तो बाहेर आला, तर बसमध्ये सहा म्हातारीकोतारी माणसं ऐसपैस बसलेली! मांडीवर पर्सा, डोक्यावर टोप्या, अगदी जय्यत तयारी.

"काका, ही सहलीची बस नाहीये," वेंडेल पहिल्या बाकावरच्या ऑटो नावाच्या गृहस्थांना म्हणाला.

"मग पिवळी कशाला आहे?" ऑटोने विचारलं.

"दोन महिने हे आश्रमवाले सहल सहल म्हणतायत नुसते," मागून कॉर्डेलिया नावाची काळी, ताठ कण्याची बाई कडाडली. "आज आलीय ती सोडायची नाही."

वेंडेल सगळ्यात थकलेल्या आजींकडे वळला. त्यांचं नाव ऑगस्टा. "आजी, तुम्ही तरी उतरा ना."

"पोरा, मी एकशे एक वर्षांची आहे. या तीन पायऱ्या चढायला मला नऊ मिनिटं लागली. आता मी उतरायची नाही."

घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती. वेंडेलने मावशीला पुढच्या बाकावर बसवलं आणि बस सोडली.

वर्गाच्या दारात ही वरात बघून टिबेट्सबाईंनी चष्मा काढला. "पोकोर्नी, मी एक माणूस आणा म्हटलं होतं."

"हो बाई. ते एक माणूस हे." त्याने मावशीला खुर्चीवर बसवलं. "बाकीचे... सोबत आलेत."

मग त्याने वहीतला पहिला प्रश्न वाचला. "मावशी, तुमच्या तरुणपणी देशात काय काय घडलं?"

"मला काही आठवत नाही," हेस्टरमावशी म्हणाली. तिने पर्स पोटाशी धरली आणि डोळे मिटले.

वेंडेल वहीची पानं उलटू लागला. मागे पोरं खुसुखुसू हसायला लागली. ते हसणं ऑगस्टाआजींनी थांबवलं.

"हिला नसेल आठवत, मला आठवतं. मी जन्मले ते मातीच्या घरात. गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांचं घर. पाऊस थांबला तरी आत दोन दिवस गळायचं. एकोणीसशे वीस साली बायकांना मताचा हक्क मिळाला तेव्हा मी तीस वर्षांची. मत देऊन बाहेर आले, तर नवरा विचारतो, कोणाला दिलंस? म्हटलं, तेवढं तरी माझं माझ्यापाशी राहू दे."

"कोणाला दिलं होतंत?" एका मुलीने विचारलं.

"त्याला नाही सांगितलं, तुला सांगू?"

मग कोणी थांबेचना. भर दुपारी धुळीच्या वादळाने अंधार झाला आणि कोंबड्या रात्र समजून खुराड्यात गेल्या, ते ऑटोने सांगितलं. मग सालावरून तो दुसऱ्या एका म्हाताऱ्याशी भांडला. बाई पुस्तकात बघायला गेल्या, तर दोघंही त्यांच्यावर ओरडले, "पुस्तक कशाला? आम्ही होतो ना तिथे!"

कॉर्डेलिया उठून उभी राहिली. "महायुद्धात, त्रेचाळीस साली, मी रिबिटा ठोकून बॉम्बर विमानांच्या पंखांचे पत्रे जोडायचे. कँटीनमध्ये आम्हा काळ्या बायकांचं टेबल वेगळं. पंखावर मात्र माझी रिबीट आणि गोऱ्या बाईची रिबीट शेजारी शेजारी. आभाळात दोन्ही तेवढ्याच घट्ट राहिल्या बरं का."

एरवी वर्गात हेडफोन लावून बसणाऱ्या एका पोराने ते केव्हाच काढून ठेवले होते. वेंडेल तर वही विसरून जमिनीवरच बसला होता. वर्षभर त्याच्या डोक्यातून निसटणारी सालं आज हात-पाय फुटून समोर बसली होती, आणि एकमेकांना "तू गप्प बस" म्हणत होती.

घड्याळ बघितलं तेव्हा पावणेतीन वाजले होते.

"शाळा!" वेंडेल किंचाळला. "चला, चला, सगळे बसमध्ये!"

आधी आश्रमात जाऊन मग शाळा गाठायला वेळच नव्हता. तो तसाच शाळेच्या फाटकाशी थडकला. चाळीस मुलं बसमध्ये घुसली आणि म्हाताऱ्यांना बघून थबकली. मग दाटीवाटीने बसली.

एका चिमुरडीने ऑगस्टाआजींना विचारलं, "तुम्ही लहान असताना टीव्हीवर काय लागायचं?"

"बाळा, आमच्याकडे विजेचा दिवासुद्धा नव्हता."

सगळी पोरं आजींच्या बाकाभोवती गोळा झाली. पहिला थांबा आला, वेंडेलने दार उघडलं, पण कोणी उतरेना. त्याला एकेकाला नावाने हाका मारून उतरवावं लागलं.

साडेचारला बस आश्रमाच्या दारात पोचली. व्यवस्थापिका प्रुइटबाई एका पोलिसाला घेऊन उभ्याच होत्या. त्यांनी उतरणाऱ्यांना बोटाने मोजलं.

"सहा! सातवी कुठाय? हेस्टर कुठाय?"

वेंडेलने पुढच्या बाकाकडे पाहिलं. बाक रिकामा. मावशी वर्गातच राहिली होती! जोलीनचा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोर उभा राहिला. तेवढ्यात कार्यालयातली मुलगी धावत आली. "वेंडेल पोकोर्नी कोण? फोन आहे तुम्हाला."

फोनवर टिबेट्सबाई होत्या. आवाज अगदी हळू.

"पोकोर्नी, तुमच्या मावशी इथे आहेत. तुमची म्हातारी मंडळी गेल्यावर त्यांनी डोळे उघडले. म्हणाल्या, आता गलका थांबलाय, लिहून घ्या. एकोणीसशे अठरा सालच्या फ्लूच्या साथीत त्या लष्कराच्या छावणीत नर्स होत्या. एकवीस वर्षांची पोर, आणि एका खोलीत चाळीस आजारी शिपाई. त्या मला नावं सांगतायत. खाटेच्या क्रमाने, नाव, गाव, घरी कोण होतं, सगळं. माझ्या वर्गातलं एक पोरही घरी गेलेलं नाही."

"मी... मी न्यायला येऊ का बाई?"

"हळू या. अजून सव्विसाव्या खाटेपाशीच आहोत आम्ही."

वेंडेलने फोन ठेवला. आपण पास की नापास, हे विचारायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. दारात पोलीस वही उघडून उभा होता.

"सापडली का म्हातारी?"

"सापडली," वेंडेल टोपी काढत म्हणाला. "पण यायला वेळ लागेल. ती ड्युटीवर आहे."