हिरव्या पाकिटांची रजा

मेंग-रूच्या खोलीत रेंज मोजायच्या मीटरनं उणे एकशेसहा दाखवलं आणि फोन कंपनीकडून आलेल्या पेइ-शाननं नाक मुरडलं. हा उणे आकडा जितका मोठा तितकी रेंज वाईट. या आकड्यावर फोनमध्ये माणसाचा आवाजच कसाबसा येतो, चेहरा दिसणं लांबच. आणि चार वाजता चेहरा दिसायलाच हवा होता. मेंग-रूचा नवरा मासेमारीच्या जहाजावर. जहाज आज एका दिवसापुरतं कुठल्याशा लांबच्या बंदराला लागलं होतं आणि बारा दिवसांच्या लेकीला त्यानं अजून पाहिलं नव्हतं. पुढचं बंदर तीन महिन्यांनी.

कीलुंगमधलं हे बाळंतिणींचं विश्रामगृह क्वे मावशी चालवायच्या. महिनाभर बाळंतिणीनं उंबरठा ओलांडायचा नाही, वारा लागू द्यायचा नाही. तेव्हा रस्त्यावर जाऊन फोन करायची बातच नको. वायफाय मावशींनी घेतलंच नव्हतं, बाळंतिणीचे डोळे बिघडतात म्हणून. सगळी भिस्त जिन्याजवळच्या, रेंज वाढवणाऱ्या डब्यावर.

पेइ-शाननं गच्चीवरचा अँटेना तपासला. ठीक. वायर ठीक. डबा बंद करून चालू केला, दिवा लागला. मग पिशवीतून कुरकुरीत खाऊचं हिरवं पाकीट काढून तिनं डब्यावर ठेवलं. एक जुनं तिथे होतंच. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून तैवानात सगळेच ठेवतात. तिच्या मीटरच्या डोक्यावरसुद्धा एक चिमुकलं चिकटवलेलं होतं, नोकरीच्या पहिल्या दिवसापासून.

खोलीत आकडा झाला एकशेअकरा.

"एकानं काय होतंय? डबा केवढा, पाकीट केवढं," म्हणत मावशींनी स्वयंपाकघरातून आणखी दोन आणली. एकशेसतरा. मग दाईला दुकानात पिटाळलं. तिनं सहा आणली, त्यातलं एक पिवळं निघालं. पिवळं बँकांना चालतं, यंत्राला नाही. ते तसंच परत गेलं. पावणेचारला डबा पाकिटांखाली दिसेनासा झाला होता आणि मीटर एकशेचोवीसवर.

मेंग-रू लेकीला टोपी घालून तयार बसली होती. "ताई, हिचं नाक तरी दिसेल ना त्याला? त्याच्यासारखंच आहे."

"दिसेल," पेइ-शान म्हणाली. तिचीही दीड वर्षाची लेक पाळणाघरात होती. आता हे नाक दाखवल्याशिवाय ती इथून हलणार नव्हती.

तेवढ्यात मावशींना चष्मा सापडला आणि त्यांनी तारखा वाचल्या. जुन्या पाकिटाची मुदत गेल्या महिन्यात संपली होती. संपलेलं पाकीट म्हणजे पहाऱ्यावर झोपलेला शिपाई, त्यांनी ते लगेच उतरवलं. मीटर एकशेअठरा. पेइ-शाननं ते पुन्हा ठेवायला लावलं. एकशेचोवीस. काढलं. एकशेअठरा. तिला एकदम पाकिटाच्या आतला, रेंज अडवणारा चंदेरी पत्रा आठवला. एवढे पत्रे अंगावर घेऊन बिचारा डबा बोलणार कसा?

पण चांगली पाकिटं कामावरून उतरवा, असं मावशींना सांगणार कोण? तिचा स्वतःचाच हात धजत नव्हता. घड्याळात चारला सात कमी.

"मावशी, ही सगळी दमलीत," ती अखेर म्हणाली. "यांना महिनाभर विश्रांती हवी."

या घरात विश्रांतीला नाही म्हणायची रीत नव्हती. मावशींनी मान डोलावली. तीन नंबरची रिकामी खोली उघडली, खिडकी घट्ट लावली आणि नऊच्या नऊ पाकिटं पलंगावर ओळीनं निजवून गळ्यापर्यंत पांघरूण घातलं.

उणे चौऱ्याऐंशी.

चार वाजून दोन मिनिटांनी फोनवर एक दाढीवाला चेहरा आला. "नाक माझंच," तो म्हणाला आणि रडायला लागला. मेंग-रूही. मावशींनी तिला दटावलं, रडू नकोस, डोळे बिघडतात. आणि स्वतःचे पुसले.

पेइ-शान जिन्यात बसून अहवाल लिहू लागली. 'कारण' या रकान्यापाशी तिचं पेन अडलं. मावशी येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

"पोरी, तुझ्या त्या मीटरच्या डोक्यावर काय आहे गं?"

पेइ-शाननं चिमुकलं पाकीट नखानं सोडवलं. उणे अठ्ठ्याहत्तर. तिच्या डोळ्यांपुढून तीन वर्षांत मोजलेल्या, नापास केलेल्या इमारती सरकत गेल्या.

मावशींनी हात पुढे केला. "आण इकडे. पलंगावर जागा आहे अजून."