चुकीच्या दाढीचं स्वागत

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. जिल्ह्याच्या इंग्रजी वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मला या जगात अवघड असं काही उरलेलं नाही! त्यामुळे विलालूझ मॅडम घरी आल्या आणि म्हणाल्या, “कोकोयचे नवे आईबाबा शनिवारी नॉर्वेहून येतायत, आणि नेमकी त्याच सकाळी माझी बेटाच्या दुसऱ्या टोकाला बैठक आहे,” तेव्हा आईच्या आधी माझंच तोंड उघडलं.

“धक्क्यावर मी जाते ना, मॅडम! तुम्ही बिनधास्त बैठकीला जा.”

“क्रिझेल, बाळा, ते काही नुसते पाहुणे नाहीत. चार वर्षं मुलाची वाट बघतायत.”

“म्हणूनच तर तिथे माझ्यासारखं माणूस पाहिजे!”

मॅडमनी आईकडे पाहिलं. आईने छताकडे पाहिलं. झालं, काम माझं!

आमचं घर म्हणजे मधला थांबा. ज्यांना दत्तक जायचंय ती मुलं तोवर आमच्याकडे राहतात. दत्तक खात्यातल्या या मॅडम त्यांना आणतात, आम्ही वाढवतो, आणि मग कुठून कुठून आईबाप येऊन घेऊन जातात. कोकोय आला तेव्हा लोला पुरिंगच्या, म्हणजे माझ्या आजीच्या, एका हातावर मावायचा. आता तीन वर्षांचा झालाय आणि तिच्या दोन्ही हातांत मावत नाही, तरी ती उचलतेच.

नॉर्वेहून फोटोंचा अल्बम आला होता. पिवळ्या केसांच्या ब्योर्गमामा (आमच्याकडे मामा म्हणजे आई!), एक लाल घर, एक कुत्रा आणि शेलपापा. शेलपापांची दाढी! दाढी म्हणजे काय दाढी! आत कोंबडीने अंडी घातली असती तरी बाहेरून कळलं नसतं. मी लगेच शिकवणी सुरू केली. रोज शाळेतून आले की अल्बम उघडायचा.

“कोकोय, पापा कुठेत?”

कोकोयचं बोट थेट दाढीवर.

“दाढी दिसली की काय करायचं?”

“पळायचं!”

“कुठे?”

“दाढीकडे!”

“आणि काय म्हणायचं?”

“पापाऽऽ!”

“पोराला शिकवतेयस की कुत्र्याला, इंदाय?” लोला कोपऱ्यातून म्हणायची. इंदाय म्हणजे पोरी, मला ती तशीच हाक मारते. ती हल्ली कमी बोलायची. कोकोयचे शर्ट घडी करून बॅगेत ठेवायची, थोड्या वेळाने काढायची, पुन्हा घडी करायची. मला वाटलं, वय झालं!

शनिवारी सकाळी मी बाबांच्या तीनचाकीच्या पायरीवर उभी होते. एका हातात ‘घरी स्वागत!’ असा रंगवलेला फलक, कडेवर इस्त्रीच्या शर्टातला कोकोय. बोट लागली. नारळाची पोती उतरली, कोंबड्यांच्या पाट्या उतरल्या, आमच्या गणिताच्या बाई उतरल्या (मी फलकामागे लपले), आणि मग उतरली... दाढी!

कोकोय माझ्या कडेवरून साबणासारखा सटकला. “पापाऽऽऽ!” तो त्या माणसाच्या गुडघ्याला असा चिकटला, जसा शिंपला खडकाला. मासेवाल्या बायका डोळे पुसायला लागल्या. मला तर स्वतःचाच इतका अभिमान वाटला, की एखादं छोटंसं भाषण करावं असं मनात आलं!

तो माणूस क्षणभर गोंधळला. मग त्याने फलक वाचला आणि त्याचा चेहरा उजळला.

“मला न्यायला आलात?” त्याचं इंग्रजी मोडकंतोडकं होतं. माझं चकचकीत होतं.

“तुम्हालाच!”

“आणि हा?”

“हा कोकोय!”

“इथली माणसं प्रेमळ असतात असं वाचलं होतं. पण इतकी!” असं म्हणत त्याने कोकोयला खांद्यावर घेतलं. मी मनात म्हटलं, थंड देशातली माणसं, भावना जरा जपूनच दाखवणार.

“आणि तुमच्या मॅडम?”

“एकटाच आलोय.”

आता इथे मी आणखी काही विचारायला हवं होतं का? मुळीच नाही! लांबून आलेल्या उपाशी माणसाची उलटतपासणी आमच्याकडे कुणी घेत नाही. आधी ‘जेवलात का?’, मग नाव-गाव, मग बायकापोरं. हा क्रम चुकवणाऱ्या घरात आमच्या गल्लीतलं कुणी सोयरीकसुद्धा करत नाही. मी मनाशी ठरवलं, ब्योर्गमामांना बोट लागली असेल, त्या मागून येतील.

घरी लोलाने तुरीचे दाणे, फणस आणि डुकराचं मटण घालून कालवण केलं होतं. पापा जेवायला बसले. ताट रिकामं दिसलं की लोला वाढायची, आणि वाढलेलं दिसलं की पापा खायचे. दोघंही हार मानेनात. शेवटी लोलानेच डाव हातात धरून विश्रांती घेतली.

“इंदाय, विचार त्याला. बायको कुठे राहिली?”

मी विचारलं. पापांनी चमचा खाली ठेवला.

“सोडून गेली. गेल्याच महिन्यात. दातांच्या डॉक्टरबरोबर.”

आईने छातीवर क्रूस काढला. लोलाच्या हातातला डाव दांड्यासकट कालवणात बुडाला.

“मग आता तुम्ही एकटेच सगळं निभावणार?” मी घाईघाईने विचारलं.

“एकटं बरं असतं. मला रात्री जंगलात जावं लागतं. बायकोला ते कधीच आवडलं नाही.”

“रात्री? जंगलात? कशाला?”

“घुबडं बघायला!” त्याचे डोळे चमकले.

“आणि... कोकोयला?”

“हवं तर त्यालाही नेऊ! लहानपणीच गोडी लागलेली बरी.”

“काय म्हणतोय?” लोलाने विचारलं.

“त्यांना ना लोला... पक्ष्यांची आवड आहे.”

“कुठल्या पक्ष्यांची?”

“मोठ्या डोळ्यांच्या.”

“घुबड म्हण की सरळ!”

लोलाने कोकोयला उचललं, आतल्या खोलीत गेली आणि धाडकन कडी लावली. मग आतून सबंध गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला. “पोरगं मिळणार नाही! बायको पळालेल्या घुबडवाल्याला मी माझं पोरगं देणार नाही! मॅडमला सांगा, सरकारला सांगा, बिशपला सांगा!”

आणि खरं सांगू? त्या आवाजात राग कमी आणि आनंद जास्त होता. इतके दिवस ती शर्टांच्या घड्या घालत आणि मोडत होती. आज तिला घडी न घालायचं कारण सापडलं होतं.

“आजींना काय झालं?” पापांनी विचारलं.

“दमल्यात.”

“कालवण आहे का अजून?”

तेवढ्यात दारात जीप थांबली. विलालूझ मॅडम उतरल्या. त्यांच्या मागून पिवळ्या केसांची एक बाई, उन्हाने लालबुंद झालेली. तिच्या मागून एक उंच माणूस. त्याचं कपाळ लाल, नाक लाल, आणि हनुवटी मात्र सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी पांढरीशुभ्र.

“क्रिझेल!” मॅडमचा आवाज मी आजवर इतका गोड कधी ऐकला नव्हता, म्हणून जास्तच घाबरले. “हे दोघं पुढच्या बोटीतून उतरले आणि धक्क्यावर उन्हात बसून राहिले. बैठक संपवून मी सहज तिकडून आले म्हणून सापडले. त्यांना न्यायला कोण जाणार होतं?”

“मी गेले होते ना. आणलंसुद्धा.” मी ओठ पुढे काढून दाढीकडे खूण केली.

“हे कोण?”

“कोकोयचे पापा.”

“मग हे कोण?”

दाढीने रुमालाने तोंड पुसलं आणि उठून नम्रपणे मान झुकवली. “मी लेशेक, पोलंडहून. माझी इथे खोली राखून ठेवलीय ना? खोलीवाले म्हणाले होते, धक्क्यावर माणूस घ्यायला येईल.”

बाहेर आमचा कोंबडा तेवढा आरवला. त्याला प्रसंगाचं भान कधीच नसतं.

“मी दाढी काढली,” खऱ्या शेलपापांनी हनुवटी चोळत हळूच सांगितलं. “पुस्तकात लिहिलं होतं, लहान मुलं दाढीला घाबरतात.”

आतली कडी निघाली. लोलाने फटीतून पाहिलं, तेवढ्यात तिच्या हाताखालून कोकोय निसटला. माझा हुशार विद्यार्थी! अंड्यासारख्या हनुवटीला वळसा घालून तो थेट लेशेकच्या गुडघ्याला बिलगला. “पापा!”

ब्योर्गमामांकडे मला बघवेना. ज्या शब्दासाठी ते दोघं चार वर्षं थांबले, तो त्यांच्या डोळ्यांदेखत एका घुबडवाल्याला मिळाला होता. आणि तो मी शिकवला होता, चांगला घोटून!

बाबांनी प्रसंगावधान राखून लेशेकला तीनचाकीत घातलं आणि त्याच्या खऱ्या मुक्कामी सोडायला नेलं. जाताना तो मला म्हणाला, “जेवण उत्तम! मी पाच तारे देणार!” कोकोय फाटकापर्यंत त्याच्यामागे धावला आणि तिथेच बसून भोकाड पसरलं.

मॅडमनी त्याला उचलून आत आणलं. ब्योर्गमामांनी खिशातून बाटली काढली, स्वतःच्या हातांना जंतुनाशक चोळलं, नवऱ्याच्या हातांना चोळलं, आणि मग जमिनीवर गुडघे टेकले. रडकं, शेंबडं, धुळीने माखलेलं आमचं ध्यान समोर होतं. त्या बघत राहिल्या.

“किती गोड आहे हा!” त्या म्हणाल्या. “फोटोपेक्षा किती तरी सुंदर!”

कोकोय रडायचा थांबला. त्याला एक उचकी आली, दुसरी आली, आणि सकाळपासून खाल्लेला सगळा आंबा त्याने ब्योर्गमामांच्या बुटांवर काढला.

“लागली!” लोला गरजली. “परक्या बाईने तोंडभरून कौतुक केलं, दृष्ट लागली पोराला! इंदाय, तिला सांग. जिने कौतुक केलं तिनेच उतरवायची. अंगठ्याला थुंकी लाव म्हणावं आणि त्याच्या पोटाला चोळ!”

“लोला, नको!” मी कुजबुजले. “त्या बाटली घेऊन हिंडतात!”

“सांग!”

मी जिल्ह्यात पहिली आलेली मुलगी, पण ‘थुंकी’ या शब्दापाशी माझं इंग्रजी मेलं. मॅडमना अचानक खोकला आला. शेवटी लोला स्वतःच पुढे झाली. ब्योर्गमामांसमोर खाली बसली, आपला सुरकुतलेला अंगठा जिभेला लावून दाखवला, आणि मग कोकोयच्या पोटाकडे हात केला. तिने कोकोयला जवळ घेतलं नाही. नुसती बघत राहिली. मला तेव्हा कळलं, ही परीक्षा आहे, आणि हिचा पेपर मॅडमच्या खात्याने काढलेला नाही.

ब्योर्गमामांनी लोलाकडे पाहिलं. हातातली बाटली बाजूला ठेवली. अंगठा जिभेला लावला, अगदी मुळापासून, आणि कोकोयचा शर्ट वर करून त्याच्या गोल पोटावर सावकाश फिरवला.

कोकोयला गुदगुल्या झाल्या. तो खुदकन हसला. त्याने स्वतःच्या पोटाकडे पाहिलं, तिच्या अंगठ्याकडे पाहिलं, आणि स्वतःच शर्ट पुन्हा वर केला.

“अजून!”

मग त्याने उकडलेल्या अंड्याकडे बोट दाखवलं. “हा पण!” शेलपापांनी तर दोन्ही अंगठे चाटले!

लोला उठली, दुसरीकडे तोंड करून म्हणाली, “भात येतो का विचार तिला.”

“चार वर्षं शिकतेय,” ब्योर्गमामा म्हणाल्या. “अजून करपतो.”

“उद्या सकाळी माझ्याबरोबर चुलीपाशी बसायचं म्हणावं.” आणि लोला आत गेली. बॅग उघडल्याचा आवाज आला. या वेळी घडी घातलेले शर्ट पुन्हा बाहेर आले नाहीत.

ते दोघं आठवडाभर राहिले. कोकोय रोज उठला की शेलपापांच्या हनुवटीवर हात फिरवायचा आणि विचारायचा, “आली का?” चौथ्या दिवशी खरखर लागली, तेव्हा तो त्यांना ‘पापा’ म्हणाला. ‘मामा’ मात्र त्याआधीच म्हणून झालं होतं, करपलेला भात खाताना. बोट सुटली तेव्हा तो पापांच्या खांद्यावर बसून सगळ्या मासेवाल्यांना हात करत होता. लोला रडली नाही. आई थोडी रडली. मी इतकी रडले, की बोटीवरच्या एका म्हाताऱ्याला वाटलं मलाच सोडून चाललेत आणि त्याने मला चढायला हात दिला!

काल मॅडम पुन्हा आल्या होत्या. छोटी बिबाय आमच्याकडे आहे ना, तिला न्यायला पुढच्या महिन्यात स्पेनहून आईबाप येणार आहेत. मी लगेच उभी राहिले.

“मॅडम, या वेळी तुम्हाला काय मदत करू?”

मॅडमनी माझा हात प्रेमाने हातात घेतला. “बाळा, एकच कर. त्या दिवशी तू शाळेत जा.”

“पण मॅडम, तो रविवार आहे!”

“मला माहितीय,” मॅडम म्हणाल्या. “मी शाळेच्या पहारेकऱ्याशी बोलून ठेवलंय.”