तीनशे बारा पात्रं आणि एक मढं

"जावईबापू, मला एवढंच सांगा, या शेहेचाळीस प्रकल्पांपैकी एक तरी पूर्ण झाला का?" सासऱ्यांनी भर जेवणात विचारलं आणि संस्थापकाचा घास तोंडातच फिरायला लागला.

'संस्थापक' हे काही त्याचं नाव नव्हे. पण दीड वर्षापूर्वी 'हातभार' नावाची वेबसाइट काढल्यापासून तो स्वतःची ओळख तशीच करून द्यायचा, अगदी दूधवाल्यालासुद्धा. कल्पना झकास होती. कलावंतांनी आपला बेत वेबसाइटवर मांडायचा, लोकांनी त्यात थोडे थोडे पैसे घालायचे आणि त्यातून कलाकृती जन्माला यायची. पैसे घालायला लोक धावत आले. जन्म तेवढा राहिला. ढगांवर माहितीपट काढणारा अजून मनासारख्या ढगाची वाट पाहत होता. शिल्पकारानं पैसे हातात पडताच भलाथोरला दगड आणून संस्थापकाच्याच इमारतीच्या पार्किंगमध्ये टाकला आणि 'दगड अजून माझ्याशी बोलत नाही' असं कळवून तो हवापालटाला निघून गेला. संस्थापक मात्र दर महिन्याला प्रगतीचा आलेख काढून सासऱ्यांना पाठवायचा. आलेख चढतच होता, कारण त्यात फक्त सुरू झालेल्या गोष्टी मोजल्या होत्या.

सासऱ्यांचं नळांचं दुकान होतं आणि वेबसाइटचं भांडवलही त्यातूनच आलं होतं. "महिनाअखेरीपर्यंत एका तरी प्रकल्पावर 'पूर्ण' असा शिक्का दाखवा," ते हात धुता धुता म्हणाले. "नाहीतर एक तारखेपासून काउंटरवर बसा. गळक्या नळांच्या तक्रारी ऐकायला मला माणूस हवाच आहे."

संस्थापकाला एक आशा होती. एका कादंबरीकाराची खूनकथा जवळजवळ लिहून झाली होती. वर्गणी भरणाऱ्या प्रत्येकाचं नाव कादंबरीतल्या एकेका पात्राला द्यायचं, ही शक्कल संस्थापकाचीच. तिला भुलून तीनशे बारा जणांनी पैसे भरले होते. त्यात त्याची आई होती, बायकोही होती. शिवाय 'प्रत्येक वर्गणीदारानं मंजूर हे बटण दाबल्याशिवाय कलाकृती पूर्ण मानली जाणार नाही' असा नियमही त्यानंच मोठ्या ऐटीत करून ठेवला होता. लोकशाही, पारदर्शकता वगैरे शब्द त्याच्या तोंडात तेव्हा फार असायचे.

त्यानं मसुदा सगळ्यांना पाठवला. तासाभरात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला.

"पहिल्याच पानावर मला मारलंय?"

"डॉक्टर, तुमच्याचपासून तर कथा सुरू होते! मानाचं पान आहे."

"कसला मान? गालिच्यावर पालथा पडलोय मी! पेशंट वाचतील ना! मी नाही मंजूर करत."

कादंबरीकारानं डॉक्टरांना जिवंत केलं आणि त्यांच्या जागी लेडीज टेलरला पालथं घातलं. टेलर दुकान बंद करून थेट ऑफिसातच येऊन बसला. "मेलो तर मेलो, साहेब. पण मुडद्याचा शर्ट उसवला होता असं लिहिलंय. माझा शर्ट? उसवेल?" मग निवृत्त हेडमास्तरांना विचारलं. मरायला ते तयार होते, पण शेवटच्या पानावर, आणि त्याआधी बावीस पानांचं भाषण करून. खुनी व्हायला तर कुणीच राजी होईना. खुनी राहू दे, साधा संशयित व्हायचं म्हटलं तरी लोक वकिलाचं नाव घेत. आईनं वेगळीच कुरबुर काढली. तिच्या नावाच्या पात्राच्या गुडघ्यात कळ आहे, हे आख्ख्या जगाला कशाला सांगायचं? बायकोनं आपल्या पात्राला कथेतल्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावरची खोली नको म्हणून सांगितलं, कारण त्याच मजल्यावर सासूबाईंची होती.

कादंबरीकार बिचारा पुसत गेला, बदलत गेला. खुनाचा झाला हल्ला, हल्ल्याची झाली चोरी, चोरीची झाली हरवलेली छत्री. सातव्या मसुद्यात तीही कपाटामागे सापडली. आता तीनशे बारा देखणी, सज्जन, निरोगी माणसं एका बंगल्यात जमत, एकमेकांची विचारपूस करत आणि संध्याकाळी आपापल्या घरी जात. नुसत्या विचारपुशीलाच एकशे नव्वद पानं लागली होती.

तो मसुदा वाचून तर लोक जास्तच खवळले.

"यात घडतंय काय?" दातांचे डॉक्टर फोनवर ओरडले. "खूनकथेचे पैसे घेतलेत ना? मग एखादा खून नको?"

"पण कुणाचा?"

"ते तुमचं तुम्ही बघा. माझा सोडून कुणाचाही करा!"

पंचवीस तारीख उजाडली. संस्थापकानं हात टेकले. कादंबरीकार समोरच्या खुर्चीत बसून यादी चाळत होता. चाळता चाळता त्यानं मान वर केली आणि संस्थापकाकडे बराच वेळ पाहत राहिला.

"साहेब, तुम्ही स्वतः या कादंबरीला वर्गणी भरली आहे?"

"छे! मी संस्थापक आहे. मी कशाला भरू?"

"म्हणजे तुम्हाला 'मंजूर' दाबायचा हक्क नाही."

"नाही. मग?"

"मग नामंजूर करायचाही नाही," कादंबरीकार म्हणाला आणि त्यानं पेनाचं टोपण काढलं.

संस्थापक भडकला. आपण कलेचे आश्रयदाते आहोत, आश्रयदात्याला असं गालिच्यावर पालथं घालत नसतात, हे त्यानं टेबलावर मूठ आपटून सांगितलं. पण बोलता बोलता त्याच्या डोळ्यांसमोर नळांचं काउंटर आलं. समोर उभं गिऱ्हाईक आलं, त्याच्या हातातली झिजलेली वॉशरची चकती आली. त्याचा आवाज हळूहळू खाली आला. "निदान चेहरा तरी वरच्या बाजूला ठेवा," तो म्हणाला.

नव्या मसुद्यात 'हातभार'चा संस्थापक पहिल्याच वाक्यात मेला. दीड वर्षात पहिल्यांदाच वर्गणीदारांनी वेबसाइटचं कौतुक केलं. 'आता कसं खरं वाटतं,' असं हेडमास्तरांनी लिहिलं. संस्थापकाला थोडं लागलं, पण खरी अडचण पुढेच होती. खुनी कुणाला करायचं? जी माणसं छत्रीचोर व्हायला तयार नव्हती, ती खुनी काय होणार! तरी जिवावर उदार होऊन त्यानं सगळ्यांना पत्र धाडलं: 'खुनी होण्यास कुणी तयार असल्यास कृपया कळवावे.'

दुपारपर्यंत तीनशे अकरा अर्ज आले.

"माझ्याकडे सगळी हत्यारं घरचीच आहेत," दातांचे डॉक्टर म्हणाले. "आणि भूल न देता करीन."

"माझी कात्री बघा एकदा," टेलर म्हणाला.

हेडमास्तरांनी कारणांसकट सहा पानी अर्ज जोडला होता. ढगांच्या माहितीपटातही पैसे घालून बसलेले बरेच जण यात होते. त्यांच्या अर्जांना कारणांची गरज नव्हती. सासऱ्यांनी तर दुकानातूनच फोन केला. "आत्ता वर्गणी भरली तर चालेल का हो? उशीर नाही ना झाला?" मुदत संपली आहे असं कळल्यावर ते खरोखर हळहळले.

आपण इतके लोकप्रिय आहोत, हे संस्थापकाला ठाऊक नव्हतं. त्याला रडू यायचं तेवढं राहिलं. पण शिक्का हवा होता. त्यानं मतदान ठेवलं: प्रत्येकाला एक मत, ज्याला जास्त मतं तो खुनी, आणि निकाल लागला की सगळ्यांनी मुकाट्यानं 'मंजूर' दाबायचं.

अठ्ठावीस तारखेला त्यानं स्वतःच मतं मोजली. प्रत्येकानं आपलं मत स्वतःलाच दिलं होतं. एकेक मताची रांगच लागली. आता हे तीनशे बारा जणांचं भांडण महिनाअखेरीपर्यंत काही मिटत नाही, असं म्हणून तो कपाळावर हात मारणार, तोच त्याला एक नाव दिसलं. त्याच्यापुढे दोन मतं होती. ते नाव त्याच्या बायकोचं होतं. एक मत तिचं स्वतःचं. दुसरं कुणाचं म्हणून त्यानं पाहिलं, तर ते आईचं होतं. अर्ज न करणारी तेवढी एकटी तीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तीनशे दहा जणांनी 'मंजूर' दाबलं. उरली दोन बटणं त्याच्याच घरात होती. तो घाईघाईनं घरी आला, तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर मसुदा पसरून दोघी शेजारी शेजारी बसल्या होत्या.

"विषाचं नको गं," आई सांगत होती. "स्वयंपाक मी करते. उगाच माझ्यावर नाव येईल. त्यापेक्षा जिन्यावरून ढकल."

"पण आई, ढकलायला जोर लागतो. ते काही हलके नाहीत."

"मग मी आहे की मदतीला. गुडघ्याचं मी बघून घेईन."

बायको हसली. तिनं मसुद्यात दुरुस्ती केली, फोन आईपुढे धरला आणि दोघींनी एकामागोमाग एक 'मंजूर' दाबलं. संस्थापकाच्या फोनवर हिरवा शिक्का उमटला: पूर्ण. काउंटर टळलं होतं, वेबसाइट वाचली होती. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण तो दारातच उभा राहिला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि सुनेचं एखादं काम आईला इतकं मनापासून पसंत पडलेलं तो पहिल्यांदाच पाहत होता.